कोविशिल्ड की कोव्हॅक्सिन: काटा नेमका कुठे बनतो?

२०२१च्या उन्हाळ्यात लसीकरण केंद्राबाहेरच्या रांगेत एकच प्रश्न फिरायचा: "आज कुठली आलीय?" फरक विचारलात, तर बहुतेकांचं उत्तर "एक पुण्याची, एक हैदराबादची" इथेच संपायचं. दोन्हींचा डोस अर्धा मिलिलिटर, दोन्ही दंडात, दोन्ही २ ते ८ अंशांवर टिकणाऱ्या, परवानगीही एकाच दिवशी, ३ जानेवारी २०२१ला. गल्लत होणारच.

त्यात हैदराबादच्या लसीचं, म्हणजे कोव्हॅक्सिनचं, बीसुद्धा पुण्याचंच. इथल्या राष्ट्रीय विषाणू संस्थेनं, म्हणजे एनआयव्हीनं, वेगळा केलेला करोना विषाणू भारत बायोटेकनं माकडाच्या मूत्रपिंडापासून आलेल्या व्हेरो पेशींवर वाढवला आणि बीटा-प्रोपिओलॅक्टोन या रसायनानं निकामी केला. अंगरखा शाबूत, वाढायची ताकद संपलेली. हे तत्त्व मुंबईला नवं नाही. जानेवारी १८९७मध्ये शास्त्रज्ञ वाल्डेमार हाफकिन यांनी भायखळ्यात प्लेगचे जिवाणू उष्णतेनं मारून लस केली आणि ती आधी स्वतःला टोचून घेतली.

निकामी विषाणूची एक अडचण असते. तो पेशींना लागण करत नाही, त्यामुळे शरीराला धोक्याची वर्दी नीट पोचत नाही. म्हणून कोव्हॅक्सिनमध्ये ॲल्युमिनियमच्या संयुगावर बसवलेला, प्रतिकारयंत्रणेला डिवचणारा एक रेणू घातलेला आहे. मग टेहळणीवरच्या पेशी हा माल गिळतात, त्याचे तुकडे करतात आणि काखेतल्या लसिका ग्रंथींत नेऊन मदतनीस टी-पेशींना, म्हणजे प्रतिकाराची कामं जुळवून देणाऱ्या पांढऱ्या पेशींना, दाखवतात. त्यांच्या मदतीनं बी-पेशी प्रतिपिंडं (अँटीबॉडीज), म्हणजे विषाणूला पकडणारी प्रथिनं, बनवू लागतात.

कोविशिल्डच्या कुपीत मात्र करोना विषाणू औषधालाही नाही. आहे तो चिंपांझीचा ॲडेनोव्हायरस, सर्दी-खोकल्यासारखे आजार करणाऱ्या विषाणूंच्या गटातला. ऑक्सफर्डच्या संशोधकांनी त्याची वाढीची जनुकं काढली आणि करोनाच्या काट्याचं, म्हणजे ज्यानं तो आपल्या पेशीला चिकटतो त्या अंगावरच्या स्पाइक प्रथिनाचं, जनुक बसवलं. चिंपांझीचाच का? माणसांचे बरेच ॲडेनोव्हायरस आपल्याला आधीच होऊन गेलेले असतात. ओळखीचा दिसला, की प्रतिपिंडं त्याला दारातूनच परत धाडतात. (रशियाच्या स्पुटनिकनं माणसांचेच वापरले, पण दोन डोसांना दोन वेगवेगळे.)

कोविशिल्ड बनवणाऱ्या पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटच्या एका डोसात असे सुमारे ५,००० कोटी कण. ते दंडातल्या पेशींत शिरतात आणि आपला डीएनए केंद्रकात सोडतात. तो आपल्या गुणसूत्रांत गुंफला जात नाही, बाजूला राहतो. त्यावरून पेशी स्वतःच काटा बनवते. खरा फरक हा: कोव्हॅक्सिनमध्ये काटा हैदराबादच्या टाकीत तयार होऊन येतो, कोविशिल्डमध्ये तो आपल्या दंडात घडतो. आणि पेशी आत घडलेल्या प्रथिनाचे तुकडे बाहेर टांगते, ते बघून मारक टी-पेशी, म्हणजे लागण झालेल्या पेशी मारणाऱ्या, उठतात. कोव्हॅक्सिननं त्या मुळीच उठत नाहीत असं नाही, पण त्यांची हमरस्त्याची वाट ही आतल्या मालाची.

कोविशिल्डनंतरची कणकण आठवते? आमच्याकडे पहिल्या डोसाच्या रात्री तिघं पॅरासिटामॉल घेऊन झोपले. कोव्हॅक्सिन घेतलेल्या शेजारच्या काकू दुसऱ्या दिवशी गच्चीत पापड वाळत घालत होत्या, तर लोक म्हणाले, "त्यांना लस लागूच पडली नाही." साफ चूक. ती कणकण बरीचशी वाहक विषाणू, म्हणजे काट्याचं जनुक वाहून आणणारा तो ॲडेनोव्हायरस, आल्याची गडबड. तापमापीवर प्रतिकारशक्ती मोजता येत नाही. रक्ताच्या गुठळ्यांचा अतिशय दुर्मीळ दुष्परिणाम मात्र याच वाहक प्रकारच्या लसींशी जोडला गेला, हेही सांगायला हवं.

डोसांमधलं अंतरही तेव्हा दोघींचं वेगळं होतं: कोव्हॅक्सिनचं चार आठवडे, कोविशिल्डचं मे २०२१पासून १२ ते १६. तेव्हा "तुटवडा लपवताहेत" अशी कुजबुज झाली. पण अंतर वाढवल्यावर प्रतिपिंडं जास्त बनतात, हे ऑक्सफर्डच्या चाचण्यांत आधीच दिसलं होतं.

फरक डोळ्यांनी बघायचा तर तो रक्ततपासणीत. कोविशिल्डवाल्याच्या रक्तात लसीमुळे करोनाच्या फक्त काट्याविरुद्धची प्रतिपिंडं येतात. कोव्हॅक्सिनमध्ये अख्खा विषाणू, म्हणून आतल्या न्यूक्लिओकॅप्सिड प्रथिनाविरुद्धचीही येऊ शकतात. कोविशिल्डवाल्याच्या रिपोर्टात ही दुसरी दिसली, तर त्याला करोना होऊन गेलाय, मग त्याला कळलेलं असो वा नसो. काकूंच्या रिपोर्टावरून तसं सांगता येत नाही.