मधमाश्यांच्या पाकात लिंबू पिळण्याची गरज नसते

सरत्या हिवाळ्यात मधमाश्यांना द्यायचा साखरेचा पाक लिंबाचा रस किंवा टार्टरिक आम्ल घालून उकळावा, कारण साधी साखर त्यांना पचत नाही, असा सल्ला वर्षानुवर्षे दिला जातो. तो चुकीचा आहे. अनेक फुलांच्या मकरंदात सुक्रोज, म्हणजे आपल्या साखरेतलीच शर्करा, मुबलक असते आणि कामकरी माशीच्या डोक्यातील ग्रंथींतून स्रवणारे इन्व्हर्टेज हे विकर तिचे ग्लुकोज व फ्रुक्टोज यांत विघटन करते. मकरंदाचा मध होतो तोही याच क्रियेच्या आधारे. उलट, आम्लयुक्त पाक उकळला की हायड्रॉक्सिमिथिलफरफ्युरल हे मधमाश्यांना अपायकारक द्रव्य तयार होते. भले करायला जावे आणि ते अंगाशी यावे, असा हा प्रकार आहे.

या दिवसांत खरा धोका असतो तो उपासमारीचा. राणी पुन्हा अंडी घालू लागते, अळ्यांचा भाग सुमारे 34 ते 35 अंश सेल्सिअस राखावा लागतो आणि साठा झपाट्याने संपतो. उपासमारीने मेलेल्या वसाहतीची चौकट उचलून पाहिली, तर रिकाम्या कोठड्यांत डोके खुपसलेल्या माश्यांची फक्त पोटाची टोके बाहेर दिसतात. कधी कधी तर चार बोटांवरच्या कोठड्यांत मध शिल्लक असतो, पण थंडीत उबेसाठी एकमेकींना बिलगलेल्या माश्यांचा पुंजका तिथवर सरकू शकलेला नसतो. म्हणूनच कडाक्याच्या थंडीत पुंजक्याच्या अगदी वर कोरडी पांढरी साखर ठेवावी आणि माश्या नियमित उडू लागल्यावर समभाग साखर व कोमट पाणी एवढाच पाक द्यावा.