गीतेवर बंदी घालणारे ‘30 अ’ कलम संविधानात नाही

‘कलम 30 मुळे मदरशात कुराण शिकवता येते, पण 30 अ मुळे शाळेत गीता शिकवता येत नाही,’ हा मेसेज वर्षानुवर्षे फिरतो आहे. संविधानात 30 अ हे कलमच नाही. 30(1अ) असे उपकलम आहे, पण 1978 च्या 44 व्या घटनादुरुस्तीने आलेले ते उपकलम अल्पसंख्याक शिक्षणसंस्थांची मालमत्ता सरकारने घेतल्यास द्यायच्या भरपाईबद्दल आहे.

खरे बंधन कलम 28 मध्ये आहे आणि ते सर्व धर्मांना सारखेच लागू आहे. पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या संस्थेत धार्मिक शिक्षण देता येत नाही. अनुदानित किंवा मान्यताप्राप्त संस्थेत देता येते, मात्र मूल अल्पवयीन असल्यास पालकांची संमती हवी.

मूल्यशिक्षणाला कुठेच आडकाठी नाही. धर्मांची अभ्यास म्हणून ओळख करून देणे म्हणजे धार्मिक शिक्षण नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने 2002 मध्ये अरुणा रॉय खटल्यात सांगितले. त्या निकालात आपल्या नांदेडच्या शंकरराव चव्हाणांच्या समितीने 1999 मध्ये सांगितलेली मूल्ये आली: सत्य, सदाचार, शांती, प्रेम, अहिंसा. नागरिकांची मूलभूत कर्तव्ये सांगणाऱ्या कलम 51 अ मधला स्त्रियांचा सन्मान आणि वैज्ञानिक दृष्टीही मला त्यांच्याइतकीच आवश्यक वाटते, आणि ती शिकवायला तर कोणाच्या संमतीचीही गरज नाही.