अमेरिकेत एका राज्याचं कन्सील्ड कॅरी परमिट दुसऱ्या राज्यात चालतं का? पात्रता, कागदपत्रं आणि हद्द ओलांडताना घ्यायची काळजी

फिलाडेल्फियातून बेन फ्रँकलिन पुलावर गाडी घातली की पलीकडे न्यू जर्सी. पूल एकच, पण कपड्याखाली पिस्तूल बाळगण्याचं पेनसिल्व्हेनियाचं लायसन्स (म्हणजेच कन्सील्ड कॅरी परमिट) नदीच्या मध्यावर संपतं, कारण न्यू जर्सी दुसऱ्या कुठल्याही राज्याचं परमिट मानत नाही. २०१३ साली फिलाडेल्फियाच्या एका महिलेला तिथल्या हायवेवर पोलिसांनी थांबवलं. पिस्तूल आणि परमिट दोन्ही जवळ असल्याचं तिने स्वतःहून सांगितलं आणि त्यावरूनच तिला अटक झाली. गुन्हा किमान साडेतीन वर्षं तुरुंगवासाचा होता. गव्हर्नर ख्रिस ख्रिस्ती यांनी २०१५ मध्ये तिला माफी दिली, म्हणून प्रकरण मिटलं.

प्रस्तावित कायदा काय म्हणतो

हे चित्र बदलण्यासाठी अमेरिकी काँग्रेसमध्ये, म्हणजे तिथल्या संसदेत, ‘कन्सील्ड कॅरी रेसिप्रॉसिटी’ म्हणजे परस्पर मान्यतेचं विधेयक वारंवार येतं. ६ डिसेंबर २०१७ रोजी ते हाऊसमध्ये (कनिष्ठ सभागृहात) २३१ विरुद्ध १९८ मतांनी मंजूर झालं आणि सिनेटमध्ये अडकलं. २०२५ मध्ये नॉर्थ कॅरोलिनाचे खासदार रिचर्ड हडसन यांनी ते एच. आर. ३८ याच क्रमांकाने पुन्हा मांडलं. सिनेटमध्ये चर्चा संपवायलाच ६० मतं लागतात, खरी अडचण तिथे आहे.

विधेयकाचा गाभा असा: बंदूक बाळगण्यास केंद्रीय कायद्याने मनाई नसलेली, सरकारी फोटो ओळखपत्र आणि कुठल्याही राज्याचं वैध परमिट जवळ असलेली व्यक्ती इतर राज्यांतही हँडगन लपवून बाळगू शकेल. राहत्या राज्यात परमिटची गरजच नसेल (अशी राज्यं आता २९ आहेत), तर नुसतं ओळखपत्रही पुरेल. मात्र खाजगी जागेचा मालक ‘इथे बंदूक नको’ म्हणू शकतो आणि सरकारी इमारतींवर राज्याने घातलेली बंदी कायम राहते. ‘ड्रायव्हिंग लायसन्स सगळीकडे चालतं, मग हे का नाही?’ हा समर्थकांचा आवडता प्रश्न. गंमत म्हणजे लायसन्ससुद्धा राज्यं आपापल्या कायद्याने मान्य करतात, वॉशिंग्टनच्या हुकमाने नाही.

सर्वोच्च न्यायालयाच्या जून २०२२ च्या ब्रुएन निकालाचा लोक भलताच अर्थ लावतात. ‘तुम्हाला पिस्तुलाची खास गरज का?’ हे सिद्ध करायला लावण्याची न्यूयॉर्कची अट त्या निकालाने रद्द झाली. एका राज्याने दुसऱ्याचं परमिट मानावं, असं त्यात कुठेही म्हटलेलं नाही. म्हणून विधेयक कायदा होऊन लागू होईपर्यंत खालचीच पद्धत चालते.

आधी व्हिसा बघा

मराठी घरांत नेमकी इथेच चूक होते. एच-१बी, एच-४, एल-१, एफ-१ अशा नॉन-इमिग्रंट (तात्पुरत्या मुक्कामाच्या) व्हिसावर असाल तर बंदूकच काय, एक काडतूस बाळगणंही केंद्रीय गुन्हा आहे. राज्याचं वैध शिकारी लायसन्स असणं हा मुख्य अपवाद, पण त्याच्या भरवशावर पिस्तूल कमरेला लावण्याआधी इमिग्रेशन वकिलाला विचारा. ग्रीन कार्डधारकांवर ही बंदी नाही. पण बंदुकीच्या गुन्ह्यात दोषी ठरल्यास ग्रीन कार्ड असूनही देशाबाहेर काढलं जाऊ शकतं. नागरिकाला दंड आणि तुरुंग एवढ्यावर भागेल, तिथे तुमचं इथलं राहणंच पणाला लागतं. गांजा राज्यात कायदेशीर असला तरी त्याचं सेवन करणारा केंद्रीय कायद्याने अपात्र. घरगुती हिंसाचाराची किरकोळ वाटणारी शिक्षाही आडवी येते.

परमिट कसं काढायचं

पहिलं परमिट राहत्या राज्याचं. पेनसिल्व्हेनियात अर्ज काउंटीच्या (जिल्ह्याच्या) शेरीफकडे जातो, फिलाडेल्फिया शहरात मात्र पोलिसांकडे, वय किमान २१ लागतं, निर्णयाला ४५ दिवसांची मुदत आहे आणि लायसन्स ५ वर्षं चालतं. त्यानंतर, ज्या राज्यांत ते चालत नाही त्यांतली काही पदरात पडावीत म्हणून लोक दुसऱ्या राज्याचं अनिवासी परमिट काढतात. सगळ्यांत जास्त नाव ऐकू येतं ते युटाचं.

युटाच्या अर्जाला लागतं ते असं: त्यांच्या मान्यताप्राप्त प्रशिक्षकाकडून केलेल्या अभ्यासक्रमाचं सही-शिक्क्यासह प्रमाणपत्र, ड्रायव्हिंग लायसन्सची प्रत, पासपोर्टसारखा फोटो, एफडी-२५८ या एफबीआयच्या कार्डावर बोटांचे ठसे आणि फी. तुमचं राज्य युटाचं परमिट मानत असेल, तर आधी त्या राज्याचं परमिट काढून त्याची प्रतही जोडावी लागते. टेक्सासमध्ये राहून थेट युटाचं परमिट काढायला गेलेले अर्ज यामुळेच परत येतात. नागरिक नसाल तर ए-क्रमांक (इमिग्रेशन खात्याने दिलेला नोंदणी क्रमांक) तयार ठेवा.

अर्ज अडकण्याचं दुसरं कारण म्हणजे ठसे. शाई जास्त झाली की रेषा एकमेकींत मिसळतात आणि कार्ड नाकारलं जातं. बोट नखाच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत एकदाच फिरवायचं, उलट फिरवायचं नाही. दोन कार्डं करून घ्या. तिसरं कारण आपलं खास: मधलं नाव. लायसन्सवर वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव, प्रमाणपत्रावर नुसतं अद्याक्षर आणि ग्रीन कार्डावर दोन्ही नावं एकत्र जोडलेली. सगळीकडे एकच रूप करून मगच पाकीट बंद करा.

पण अनिवासी परमिट म्हणजे सगळीकडचा पास नव्हे. परमिट देणाऱ्या राज्याचे तुम्ही रहिवासी असाल तरच कोलोरॅडो आणि मिशिगन ते मानतात. कॅलिफोर्निया, न्यूयॉर्क आणि इलिनॉय बाहेरचं परमिट मानतच नाहीत. इलिनॉयमध्ये एवढी सवलत आहे की आपल्या राज्यात बाळगण्याचा हक्क असलेल्या प्रवाशाला गाडीत पिस्तूल ठेवता येतं. उतरताना ते गाडीतच कुलूपबंद ठेवायचं.

नुसतं पार होऊन जायचं असेल तर

१९८६ चा केंद्रीय कायदा, कलम ९२६-ए, प्रवाशाला संरक्षण देतो. निघाल्याच्या आणि पोचण्याच्या दोन्ही ठिकाणी बाळगणं कायदेशीर हवं, बंदूक रिकामी हवी, बंदूक आणि काडतुसं दोन्ही बसल्या जागेवरून हाती लागता कामा नयेत. म्हणजे डिकीत. डिकी वेगळी नसेल तर कुलूपबंद पेटीत. ग्लव्ह बॉक्स किंवा दोन सीटमधला कप्पा चालत नाही.

विमानाने जाताना बंदूक रिकामी करून कडक पेटीत, कुलूप लावून, चेक-इन काउंटरवर जाहीर करायची. २००५ मध्ये युटाच्या एका प्रवाशाने हे सगळं नीट केलं होतं. न्यू जर्सीतल्या नेवार्कला त्याचं पुढचं विमान चुकलं, बॅग ताब्यात मिळाली आणि ती घेऊन तो रात्री हॉटेलात राहिला. दुसऱ्या दिवशी विमानतळावर पुन्हा बंदूक जाहीर करताच त्याला अटक झाली. रात्रभर पेटी त्याच्या हाताशी होती, म्हणून ९२६-ए लागू होत नाही, असं अपील न्यायालयाने २०१० मध्ये ठरवलं. न्यू जर्सी-न्यूयॉर्कच्या विमानतळांवर विमान चुकलं तर बॅग ताब्यात न घेता ती एअरलाइनकडेच ठेवायला सांगा.

शाळेपासून १००० फुटांच्या आत बंदुकीला केंद्रीय बंदी आहे आणि परमिटच्या जोरावर तिच्यातून सूट हवी असेल तर ते त्याच राज्याने दिलेलं असावं लागतं. तुमचं परमिट ते राज्य मानत असलं तरी या कलमापुरतं ते पुरत नाही. शहरातून जाताना असे पट्टे सतत लागतात.

पोलिसांनी थांबवलं की जवळ पिस्तूल असल्याचं मिशिगनमध्ये लगेच, न विचारता सांगावं लागतं. टेक्सासमध्ये ओळखपत्र मागितल्यावर त्यासोबत परमिट दाखवायचं. न्यू जर्सी, न्यूयॉर्क आणि कॅलिफोर्नियात १० पेक्षा जास्त गोळ्यांचं मॅगझिन वेगळा गुन्हा ठरतं.

मान्यतेच्या याद्याही बदलतात. डिसेंबर २०१५ मध्ये व्हर्जिनियाने २५ राज्यांची मान्यता काढत असल्याचं जाहीर केलं, पुढच्याच महिन्यात तडजोड झाली आणि जुलै २०१६ पासून तिथे उलट सर्वच राज्यांची परमिटं मान्य झाली. म्हणून राज्य पोलीस किंवा ॲटर्नी जनरल यांची यादी निघायच्या दिवशी बघा, आणि नुसती मुक्कामाच्या राज्याची नाही, वाटेतल्या प्रत्येक राज्याची.