जाळे किती कापायचे? गोव्यातील सागरतळ सफाईची पार्श्वभूमी

गोव्याच्या किनाऱ्यालगत हौशी पाणबुडे जो कचरा वर काढतात, त्यात बाटल्या-डबे संख्येने जास्त असले तरी खरा धोका जाळ्यांचा. पूर्वी सुती जाळी झाडाच्या सालीच्या काढ्यात मुरवून वापरत. तुटलेला तुकडा तळाशी कुजून जाई. नायलॉनने ते थांबवले. सत्तरच्या दशकात ट्रॉलर (ट्रॉल जाळे ओढत नेणाऱ्या यांत्रिक बोटी) वाढले, रापणकार (किनाऱ्यावरून जाळे ओढणारे पारंपरिक मच्छीमार) रस्त्यावर उतरले, 1980 मध्ये सागरी मासेमारी नियमनाचा कायदा आला. वाद किनाऱ्याजवळची मासळी कोणाची, हा होता; हरवलेल्या जाळ्यांचा नव्हता. 1988 च्या अखेरीस जहाजांवरून प्लास्टिक समुद्रात टाकण्यावर आंतरराष्ट्रीय बंदी लागू झाली, पण काळजी घेऊनही अपघाताने हरवलेले जाळे तिच्यातून वगळले गेले.

मुरगावजवळच्या ग्रांदे बेटाभोवती पर्यटकांचे डायव्हिंग रुजल्यावर तळ रोज बघणारी माणसे तयार झाली. गिलनेट (मासा कल्ल्यांपाशी अडकवणारी उभी जाळी) खडकाजवळच लावतात, कारण मासा तिथेच असतो, आणि अडकतातही तिथेच. नायलॉन पाण्यापेक्षा जड, म्हणून ते तळाला बसते; ट्रॉलच्या पॉलिथिनचे तुकडे तरंगत वाळूवर येतात. त्यामुळे फक्त किनारा झाडला तर तळाचा हिशेब कधीच लागत नाही. 2011 पासून पाणबुड्यांच्या एका आंतरराष्ट्रीय उपक्रमात वस्तूचा प्रकार, संख्या, खोली आणि जागा ठरावीक तक्त्यात नोंदवायची पद्धत आली. ‘इतके किलो काढले’ या आकड्यापेक्षा ही नोंद कितीतरी उपयोगी: ओल्या, शिंपले चिकटलेल्या जाळ्याच्या वजनातले बरेचसे जाळ्याचे नसतेच.

मतभेद आहेत ते जुन्या जाळ्यांवरून. काहींच्या मते प्रवाळ, स्पंज चढलेले जाळे तसेच सोडावे. इतर म्हणतात, सगळे ओढून काढा. 2001 पासून खडक बांधणारे प्रवाळ आणि समुद्रपंखे (पंख्याच्या आकाराचे प्रवाळ) वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या, म्हणजे सर्वाधिक संरक्षणाच्या, अनुसूचीत आहेत, त्यामुळे ओढताना प्रवाळ तुटला तर तो नुसता निष्काळजीपणा राहत नाही. पण ‘तसेच सोडा’ हेही अर्धेच उत्तर आहे. ज्या जाळ्याचा काठ खडकात रुतलाय, त्याचा वरचा मोकळा पदर पावसाळ्याच्या लाटांत हलतो, शेजारचे प्रवाळ घासून काढतो आणि खेकडे, मासे धरत राहतो. मोकळे तेवढे कापून काढावे, रुतलेले खडकाशी सपाट छाटून तिथेच ठेवावे, हाच मार्ग आम्हाला पटतो. वेळ दुप्पट लागतो आणि वजनाचा आकडा लहान दिसतो. नेमका म्हणूनच तो टाळला जातो.

काम जोडीने. एकजण बोथट टोकाच्या कात्रीने कापतो (नायलॉनच्या बारीक धाग्यावर सुरी घसरते), दुसरा जाळ्याचा ताण धरून साथीदाराच्या सिलिंडरचा व्हॉल्व्ह अडकत नाही ना, ते बघतो. दोघांनी प्रवाहाच्या वरच्या अंगाला राहायचे, म्हणजे सुटलेला भाग अंगावर न येता दूर जातो. चार-पाच किलोंपुढे हाताने न्यायचे नाही, लिफ्ट बॅग (हवा भरून वजन वर नेणारी पिशवी) लावायची: एक लिटर हवा साधारण एक किलो उचलते. मात्र 10 मीटरवर भरलेली हवा पृष्ठभागापर्यंत दुप्पट होते, म्हणून बॅग थोडी भरून, हलली की थांबायचे. ती स्वतःच्या जॅकेटला अडकवली तर माणूसही तिच्याबरोबर वर खेचला जातो. दृश्यता दोन-तीन मीटरच असेल तर जाळ्याला हात लावू नये. पावसाळ्यात आलेला नद्यांचा गाळ बसेपर्यंत, म्हणजे बहुधा नोव्हेंबरपर्यंत, थांबावे.

बाटलीत बिऱ्हाड केलेला गोबी मासा असेल तर बाटली तिथेच राहू द्यावी.

धक्क्यावर पोचल्यावर पुढचा प्रश्न उभा राहतो. उत्तर गोव्यातील साळगावचा कचरा प्रकल्प 2016 मध्ये सुरू झाला, 1 जुलै 2022 पासून एकदाच वापरायच्या ठरावीक प्लास्टिक वस्तूंवर देशभर बंदी आली, पण जाळी त्या यादीत नाहीत. नायलॉन, दोरखंडाचे पॉलिप्रॉपिलिन आणि शिशाची वजने एकत्र असली तर भंगारवालाही घेत नाही. शिसे सोडवून, शिंपले झटकून, गोड्या पाण्याने धुऊन, वाळवून वेगळे केलेले नायलॉनच पुनर्वापरासाठी जाऊ शकते. म्हणून डायव्हिंगच्या परवानगीबरोबर वाळवणाची जागाही आधीच मागून ठेवावी.