एमजीबीच्या मागच्या पाट्यांचा सेंटर बोल्ट: एक खुलासा

१९६२ ते १९८० या काळात इंग्लंडमध्ये तयार झालेल्या एमजीबी या स्पोर्ट्स कारबद्दल असे वर्षानुवर्षे सांगितले जाते की, मागचा ॲक्सल (मागची दोन चाके जोडणारा आडवा दांडा) लीफ स्प्रिंगवर (एकावर एक रचलेल्या पोलादी पाट्यांच्या स्प्रिंगवर) जागच्या जागी धरून ठेवतो तो पाट्यांमधून आरपार जाणारा सेंटर बोल्ट. हे खरे नाही. तो बोल्ट पाटे एकत्र बांधतो आणि जोडणी करताना त्याचे डोके ॲक्सलची नेमकी जागा दाखवते, इतकेच. गाडी पळताना आणि ब्रेक लागताना येणारा जोर पेलते ती दोन्ही बाजूंच्या यू-बोल्टांच्या (ॲक्सल आणि स्प्रिंग एकत्र आवळणाऱ्या इंग्रजी U आकाराच्या बोल्टांच्या) आवळणीतून निर्माण होणारी घर्षणाची पकड. ही पकड सैल झाली की ॲक्सल पाट्यावर पुढेमागे सरकू लागतो, सगळा मार त्या बारीक बोल्टवर येतो आणि तो कातरला जातो. मग दोष मात्र बोल्टच्या दर्जाला दिला जातो आणि आणखी कठीण पोलादाचा बोल्ट बसवून मूळ दुखणे तसेच ठेवले जाते.

एमजीबीत स्प्रिंग आणि ॲक्सल यांच्यामध्ये रबरी गाद्या असतात आणि नव्या गाद्या दबल्या की यू-बोल्टांचे नट आपोआप सैल पडतात, म्हणून थोडे अंतर चालवल्यावर ते पुन्हा आवळावे लागतात. स्प्रिंगच्या पुढच्या डोळ्याचा (टोकाला वळवलेल्या गोल कडीचा) बोल्ट मात्र गाडी चाकांवर उभी असतानाच शेवटचा आवळावा, नाहीतर त्यातला रबरी बुश (बोल्टभोवतीची रबरी नळी) कायमचा पिळलेला राहतो.