एका रात्रीत पावणेतीन किलो

७ ऑगस्ट २०२४ ला सकाळी पॅरिसमध्ये विनेश फोगटचं वजन ५० किलो १०० ग्रॅम भरलं आणि ऑलिम्पिकच्या ५० किलो गटातली अंतिम कुस्ती तिच्या हातून गेली. आदल्या दिवशी तिने जपानच्या युई सुसाकीला हरवलं होतं. सुसाकी त्याआधी आंतरराष्ट्रीय कुस्तीत एकदाही हरलेली नव्हती. पण नियमाप्रमाणे दुसऱ्या दिवशीच्या वजनात नापास झालेला खेळाडू थेट तळाला जातो, आधीचे विजय हिशेबात धरत नाहीत. क्रीडा लवादाने १४ ऑगस्टला अपील फेटाळलं. मधल्या आठवड्यात घरोघरी, पारावर, व्हॉट्सअ‍ॅपवर एकच वाक्य फिरत होतं : शंभर ग्रॅमसाठी पदक गेलं.

त्या शंभर ग्रॅमची हळहळ मलाही वाटली. पण भारतीय पथकाचे मुख्य वैद्यकीय अधिकारी, मुंबईचे डॉ. दिनशॉ पारडीवाला यांनी त्या वेळी दुसरा एक आकडा सांगितला होता, त्याकडे फारसं कुणी वळून पाहिलं नाही. उपांत्य कुस्ती संपल्यावर संध्याकाळी विनेशचं वजन मर्यादेपेक्षा २.७ किलोने जास्त होतं. म्हणजे रात्रभरात तिने २.६ किलो उतरवले, शरीराच्या जवळपास ५ टक्के. केस कापले, कपडे आखूड केले, तरी शेवटचे शंभर ग्रॅम हलले नाहीत. माझ्या मते विचारायला हवं ते असं : ते २.७ किलो होते कशाचे, आणि ते रात्रीतून उतरवायची वेळच का येते?

चरबीचे तर ते नक्कीच नव्हते. एक किलो चरबी म्हणजे साधारण ७,७०० किलोकॅलरी. ट्रेडमिलवर तासभर घाम गाळून पळालं तरी जळणारी चरबी शंभर ग्रॅमच्या आतच राहते. एका रात्रीत वजनकाट्यावर जे दिसेनासं होतं ते पाणी, आतड्यातलं अन्न आणि थोडं ग्लायकोजेन. ग्लायकोजेन ही स्नायू आणि यकृतातली साखरेची साठवण. सगळी मिळून अर्धा किलोच्या आसपास असते, पण तिचा प्रत्येक ग्रॅम स्वतःबरोबर सुमारे ३ ग्रॅम पाणी धरून ठेवतो. चार दिवस भात-पोळी बंद केली की काटा झपाट्याने खाली येतो तो याच कारणाने. पोळी सोडून 'आठवड्यात दोन किलो' उतरवणाऱ्यांचा आनंदही बहुतेक एवढाच असतो, हे जाता जाता.

पैलवान ही सगळी साठवण आधीच रिकामी करून येतो. आठवडाभर चोथा कमी, मीठ कमी, मग पाणी कमी. पहिल्या दिवशीच्या वजनाला तो उभा राहतो तेव्हा त्याच्या शरीरात सोडून देण्यासारखं फार काही उरलेलं नसतं. काट्यावरून उतरला की कुस्ती लढायची असते, म्हणून तो खातो, पितो. विनेशला त्या दिवशी तीन कुस्त्या लढायच्या होत्या. न खाता-पिता त्या लढणं शक्यच नव्हतं.

इथे शरीर आपलं राजकारण करतं. रक्त घट्ट झालं की मेंदूतून व्हॅसोप्रेसिन हे संप्रेरक सुटतं आणि मूत्रपिंडांना पाणी अडवायला सांगतं. रक्ताचं आकारमान घटलं की अल्डोस्टेरॉन सोडियम धरून ठेवतं, आणि सोडियमच्या मागे पाणी येतंच. दुष्काळात धरणाचे दरवाजे बंद व्हावेत तसं हे आहे : नंतर पाऊस पडला तरी दरवाजे लगेच उघडत नाहीत. सुकलेल्या शरीरात गेलेलं पाणी, विशेषतः मिठाबरोबर गेलेलं, आत मुक्काम ठोकतं. आणि पुन्हा सुकवायला घेतलं की घामही पहिल्यासारखा सुटत नाही. दुसऱ्या रात्रीचा शेवटचा घोट काढणं पहिल्या रात्रीपेक्षा कितीतरी अवघड जातं ते यामुळे.

शंभर ग्रॅम म्हणजे किती, याचाही अंदाज घेऊ. आपण काहीही न करता नुसते पडून राहिलो तरी श्वासातून आणि त्वचेतून तासाला साधारण २५ ते ३५ ग्रॅम पाणी उडून जातं. इटलीतल्या पादुआच्या सान्तोरिओ नावाच्या वैद्याने सतराव्या शतकाच्या सुरुवातीला काट्याला टांगलेल्या खुर्चीत बसून, जेवून, झोपून, वर्षानुवर्षं स्वतःला तोलत ही अदृश्य गळती मोजली होती. त्या हिशेबाने विनेशचे शंभर ग्रॅम म्हणजे तीन-चार तासांची झोप. घाम सुटणाऱ्या माणसाला तेवढा घाम गाळायला दहा मिनिटंही पुरतात. पण घाम सुटायला हवा ना!

घामाचा खरा उपयोग वजन उतरवणं हा नाहीच. एक लिटर घाम त्वचेवरून वाळताना सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो, व्यायामात तापलेलं शरीर त्याच्यावर थंड राहतं. पैलवान रबराचा किंवा प्लास्टिकचा सूट घालतो तेव्हा घाम सुटतो, पण वाळत नाही. पाणी जातं, उष्णता आतच राहते. त्यात रक्तातलं पाणी कमी झालेलं, म्हणून प्रत्येक ठोक्याला हृदय कमी रक्त फेकतं आणि ती कसर ठोके वाढवून भरून काढतं. अमेरिकेत १९९७ च्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये, महिन्याभराच्या अंतरात, महाविद्यालयीन कुस्तीतली तीन तरुण मुलं याच प्रकारात दगावली. तिघंही गरम खोलीत, वाफ न सोडणारे सूट चढवून व्यायाम करत होती. तिघांनाही पुढच्या स्पर्धेसाठी वजन 'करायचं' होतं. चीनचा यांग जियान बिंग हा मिश्र मार्शल आर्ट्सचा खेळाडू २०१५ मध्ये मनिलात स्पर्धेआधी असाच गेला.

एवढा धोका पत्करून पैलवान हे का करतात? कारण निदान सुरुवातीला तरी फायदा होतो. वजनाच्या दोन-चार टक्के पाणी गेल्याने एका झटक्यातली ताकद, पकडीचा जोर फारसा घटत नाही. समोरचा खरोखर हलका असेल तर त्याला उचलणं सोपं जातं. मार बसतो तो दमसासावर. कुस्ती तीन-तीन मिनिटांची, दोन फेऱ्यांची. पुन्हा पुन्हा झेपावायची वेळ येते तेव्हा दुसऱ्या फेरीत सुकलेला गडी ढिला पडतो. काट्यानंतरच्या दोन तासांत तहान भागवता येते, शरीर भरून काढता येत नाही. आतडी तासाला लिटरभराच्या आसपासच पाणी शोषतात आणि रिकाम्या स्नायूंत ग्लायकोजेन पुन्हा भरायला जवळजवळ अख्खा दिवस जातो.

दोन दिवस दोनदा वजन घेण्याचा नियम यावर उपाय म्हणूनच आला होता. पूर्वी आदल्या संध्याकाळी वजन व्हायचं आणि रात्रभर खाऊन-पिऊन पैलवान दुसऱ्या दिवशी चार-पाच किलो जड होऊन उतरायचा. जागतिक संघटनेने २०१८ पासून कुस्त्या दोन दिवसांत विभागल्या आणि दोन्ही सकाळी वजन ठेवलं. हेतू चांगला होता : काटा आणि कुस्ती यांत वेळच ठेवला नाही तर कुणी सुकून येणार नाही. प्रत्यक्षात पैलवान सुकून यायचे थांबले नाहीत, आता ते दोनदा सुकतात. पॅरिसमध्येच ५७ किलोत अमन सेहरावत उपांत्य फेरीनंतर ६१.५ किलो भरला होता. ट्रेडमिल, वाफ, सौना असं करत दहा तासांत ४.६ किलो उतरवून तो सकाळी ५६.९ वर आला आणि कांस्यपदक जिंकला. साडेसात टक्के! आपल्याकडे ती जिद्दीची गोष्ट म्हणून छापून आली. विनेशची शोकांतिका म्हणून. शरीराच्या बाजूने पाहिलं तर दोन्ही रात्री एकाच जातीच्या होत्या.

पुढच्याच वर्षी, सप्टेंबर २०२५ मध्ये, झाग्रेबच्या जागतिक स्पर्धेत तोच अमन १.७ किलोने जास्त भरला आणि न लढताच बाहेर पडला. भारतीय कुस्ती महासंघाने त्याच्यावर वर्षभराची बंदी घातली, नंतर ती मागेही घेतली. बंदीने सोडियम कमी होत नाही, हे कुणीतरी सांगायला हवं होतं.

या साऱ्याच्या मुळाशी गटांची टंचाई आहे. जागतिक स्पर्धेत प्रत्येक प्रकारात दहा वजनगट असतात, ऑलिम्पिकमध्ये सहाच. पुरुषांच्या फ्रीस्टाइलमध्ये ५७ नंतर थेट ६५. बीड जिल्ह्यातल्या राहुल आवारेने २०१९ मध्ये जागतिक कांस्य जिंकलं ते ६१ किलोत, आणि हा गट ऑलिम्पिकमध्ये नाहीच. अशा पैलवानाने चार किलो उतरवायचे की चार किलो चढवायचे? जपानचा रेई हिगुची २०२१ मध्ये ऑलिम्पिक पात्रतेच्या वेळी ५७ किलोत ५० ग्रॅमने हुकला, २०२२ मध्ये ६१ किलोत जगज्जेता झाला आणि पॅरिससाठी पुन्हा ५७ वर उतरून सुवर्ण घेऊन गेला. विनेश रिओत ४८ किलोत लढली, टोकियोत ५३ मध्ये. पॅरिससाठी ५३ ची भारताची जागा अंतिम पंघालने मिळवली होती, म्हणून एकोणतिसाव्या वर्षी, गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर, ती ५० वर आली. खाशाबा जाधवांची वाट उलटी होती : १९४८ ला लंडनमध्ये ५२ किलोच्या गटात सहावे, १९५२ ला हेलसिंकीत ५७ किलोत कांस्य.

आपल्या तालमींना हा प्रश्न तसा नवा. जत्रेच्या मैदानात जोड लावताना वस्ताद नजरेनेच तोलायचा, आणि खुराक असायचा तो अंगावर चढवण्यासाठी. दूध, तूप, बदाम, थंडाई. लाल मातीत जडपणा हा गुणच. मॅट आली, वयोगट आणि वजनगट आले, आणि आता जिल्हा निवड चाचणीच्या आदल्या दिवशी चौदा-पंधरा वर्षांची पोरं भर उन्हात दोन जर्किनं चढवून पळताना दिसतात. पाणी बंद, आणि तोंडात काहीतरी चघळत थुंकणं चालू. वाढीच्या वयातला मुलगा दर महिन्याला एक गट 'टिकवायला' बघतो म्हणजे आपल्या उंचीशीच भांडतो. मुलींचं तर आणखी कठीण. पाळीच्या आधी शरीर पाणी धरतं, तेव्हा काटा ऐनवेळी वर जातो. आणि सतत कमी खाल्लं तर पाळीच थांबते, इस्ट्रोजेन घटतं, हाडं ठिसूळ होतात. आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने २०१४ पासून या दुखण्याला स्वतंत्र नाव दिलं आहे : खेळातला सापेक्ष ऊर्जा-अभाव. तो मुलांनाही होतो. त्यांना पाळीसारखी धोक्याची घंटा नसते, एवढाच फरक.

आडवाटाही आहेत आणि त्या सगळ्या बंद आहेत. लघवी वाढवणारी फ्युरोसेमाइडसारखी गोळी औषधाच्या दुकानात सहज मिळते, पण उत्तेजकविरोधी यादीत तिच्यावर कायमची बंदी आहे. शिवाय तिने पोटॅशियम घसरतं आणि हृदयाची लय बिघडू शकते. वजनानंतर 'एक सलाईन लावून घेऊ' हेही चालत नाही : रुग्णालयातल्या खऱ्या उपचारांखेरीज बारा तासांत १०० मिलिलिटरपेक्षा जास्त द्रव शिरेतून घेणं हा नियमभंग आहे.

अमेरिकेतल्या महाविद्यालयांनी १९९७ च्या त्या तीन मृत्यूंनंतर जे केलं त्यात मला सगळ्यांत शहाणपण वाटतं. रबरी सूट आणि सौना बंद केले, ते ठीकच. पण मुख्य काम हंगामाच्या सुरुवातीला होतं. पैलवानाच्या लघवीचं विशिष्ट गुरुत्व, म्हणजे ती पाण्याच्या मानाने किती जड आहे, ते आधी तपासतात. ते १.०२० च्या वर गेलं, म्हणजे गडी सुकून आलाय, तर त्या दिवशी वजनच घेत नाहीत. पाण्याने भरलेल्या शरीराचं वजन आणि चरबी मोजून, चरबी ५ टक्क्यांच्या खाली जाणार नाही असा त्याचा सर्वांत खालचा गट ठरवतात. तिथपर्यंत उतरायचं तर आठवड्याला दीड टक्क्याहून जास्त नाही. शाळकरी मुलांसाठी चरबीची मर्यादा ७ टक्के, मुलींसाठी १२.

यासाठी लागतात त्वचेची घडी मोजायचा चिमटा आणि रिफ्रॅक्टोमीटर, म्हणजे काचेवर लघवीचा एक थेंब टाकून डोळ्याला लावायची तळहाताएवढी नळी. दोन्ही मिळून पैलवानाच्या महिन्याच्या बदामाच्या खर्चाला फार जड जाणार नाहीत. जिल्हा संघटनेने जूनमध्ये, तालमी पुन्हा भरतात तेव्हा, एकदा पोरांना रांगेत उभं करून हे मोजलं आणि प्रत्येकाच्या ओळखपत्रावर त्याचा खालचा गट छापला, तर निवड चाचणीच्या आदल्या रात्री कुणाला जर्किन चढवून पळायचं कारणच उरणार नाही.