पार्श्वभूमी : पोर्टलंडचे ठेंगणे गार्ड आणि दहा उन्हाळ्यांचा वाद

एनबीए या अमेरिकी बास्केटबॉल लीगमधल्या पोर्टलंड संघाच्या बॅककोर्टची, म्हणजे चेंडू हाताळणाऱ्या दोन गार्डांच्या जोडीची, उंची हा विषय जुना वाटत असला, तरी त्याला धार चढली २०१५ च्या उन्हाळ्यात. १९९० आणि १९९२ साली अंतिम फेरी गाठणाऱ्या संघात एक गार्ड सहा फूट तीन इंचांचा, तर दुसरा सहा फूट सातचा होता, म्हणून तेव्हा हा प्रश्न कुणाला पडलाच नाही. या सहा-सातच्या गार्डावर विसंबून १९८४ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या निवडीत, दुसऱ्या क्रमांकावर सेंटर (रिंगजवळ खेळणारा उंच खेळाडू) उचलला गेला आणि त्याच्या पुढच्याच क्रमांकावर शिकागोने मायकेल जॉर्डनला घेतलं, हे वेगळं सांगायला नको.

२०१५ मध्ये सामना सुरू करणाऱ्या पाचपैकी चार खेळाडू काही आठवड्यांत गेले. सॅन अँटोनिओ, डॅलस, शार्लट, न्यूयॉर्क अशी चौघांची चार दिशांना पांगापांग झाली. उरला तो २०१२ साली सहाव्या क्रमांकावर घेतलेला पॉइंट गार्ड (खेळ रचणारा गार्ड) डेमियन लिलार्ड. त्याच्या शेजारी दुसऱ्या गार्डाच्या जागी बाकावरून उठून आला २०१३ चा दहाव्या क्रमांकाचा खेळाडू सीजे मॅकॉलम. त्याची सरासरी एका वर्षात ६.८ गुणांवरून २०.८ वर गेली, सर्वाधिक प्रगतीचा पुरस्कार मिळाला आणि सगळ्यांनी मोडीत काढलेला संघ ४४ सामने जिंकला. जोडी जमली. पण एक सहा-दोन, दुसरा सहा-तीन. समोरच्या संघाचा उंच गार्ड यांच्यापैकी कोण अडवणार, ही चर्चा तिथे सुरू झाली.

इथे या चर्चेत सतत येणाऱ्या ‘साइज’ या शब्दापाशी थांबायला हवं, कारण अर्धा वाद या शब्दातच अडकला आहे. छापील उंची वर्षानुवर्षे बूट घालून मोजलेली असायची. २०१९-२० च्या हंगामापासून अनवाणी उंची कळवण्याची सक्ती झाली आणि अनेकांचा एखादा इंच गळाला. पण बचावात डोक्याच्या उंचीपेक्षा हातांचा पसारा जास्त उपयोगी पडतो आणि या दोघांचेही हात उंचीच्या मानाने लांब, साडेसहा फुटांवर पसरणारे. तिसरी गोष्ट वजनाची, म्हणजे पोस्टमध्ये (रिंगजवळ) पाठ लावून ढकलणाऱ्याला थोपवण्याची. स्क्रीनमध्ये, म्हणजे वाट अडवून उभ्या राहिलेल्या प्रतिस्पर्ध्यात, न अडकता गार्डाला चिकटून राहण्याची चपळाई ही चौथी आणि तिचा उंचीशी फारसा संबंध नाही. ‘बॅककोर्ट लहान आहे’ म्हणणारा या चारपैकी नेमकं कशाबद्दल बोलतोय, हे क्वचितच स्पष्ट होतं. माझ्या मते पोर्टलंडचं दुखणं चौथ्यात होतं आणि औषध मात्र पहिल्यावर दिलं गेलं.

ते औषध म्हणजे २०१६ चा उन्हाळा. टीव्हीच्या नव्या करारामुळे सॅलरी कॅप (संघाच्या एकूण पगारांवरची मर्यादा) एका फटक्यात ७ कोटी डॉलरवरून ९.४१ कोटींवर गेली आणि सगळ्यांच्याच हाती पैसा खुळखुळू लागला. पोर्टलंडने दुसऱ्या गार्डाला चार वर्षांचे १०.६ कोटी देऊन जोडी पक्की केली. मग उंचीची उणीव भरून काढायला चेंडू हाताळू शकणारा सहा-सातचा विंग (कडेने खेळणारा खेळाडू) चार वर्षांच्या ७ कोटींना आणला. तो बचावात बरा होता, पण लांबून नेम लागेना. प्रतिस्पर्धी त्याला मोकळा सोडायचे आणि त्यातून मोकळा झालेला बचावपटू नेमका पोर्टलंडच्या गार्डांच्या अंगावर यायचा.

त्याच जुलैमध्ये ब्रुकलिनने पोर्टलंडच्या एका राखीव नेमबाजाला चार वर्षांच्या ७.५ कोटींची ऑफर शीट, म्हणजे कराराचा प्रस्ताव, दिली. त्याला जाऊ द्यायचं की तेवढीच रक्कम मोजून ठेवायचं, हे ठरवायला पोर्टलंडकडे तीन दिवस होते. ठेवलं. बाजूने बोलणारे म्हणतात, तो फुकट गेला असता तर कॅप ओलांडलेल्या संघाला बदली घ्यायला पैसे कुठून आले असते? मुद्दा खरा आहे. पण पुढच्याच उन्हाळ्यात त्याला त्याच ब्रुकलिनला द्यावं लागलं आणि बदल्यात आलेल्या फॉरवर्डला लगेच मोकळं करून त्याचा उरलेला पगार सात वर्षांवर पसरवला गेला. पोर्टलंडसाठी एकही सामना न खेळलेल्या माणसाचा हप्ता २०२३-२४ पर्यंत कॅपवर बसून होता. माझ्या लेखी या दहा वर्षांतला सर्वांत महाग निर्णय हाच. गार्डांच्या मागे उभे करायचे लांब हातांचे विंग त्या पैशात आले असते.

२०१८ चा प्लेऑफ (हंगामानंतरची बाद फेरी) हा टीकाकारांचा हुकमी पुरावा. ४९ विजयांसह तिसऱ्या मानांकनावर असलेला संघ न्यू ऑर्लिन्सकडून ०-४ हरला. आपल्याकडे सकाळी चहाच्या कपासोबत पाहिलेली ती मालिका अजून डोळ्यांसमोरून जात नाही. पॉइंट गार्ड मध्यरेषा ओलांडतो न ओलांडतो तोच दोघे त्याला घेरायचे. चेंडू सोडायला वाट फक्त डोक्यावरून आणि तिथे आधीच हात वर झालेले. पास उशिरा आणि उंचावरून जायचा, तोवर बचाव जागेवर आलेला असायचा. त्याची सरासरी १८.५ वर घसरली. न्यू ऑर्लिन्सचा गार्ड जरू हॉलिडे याने पहिल्या सामन्यात शेवटच्या सेकंदांत लेअप (रिंगजवळून टाकलेला चेंडू) ब्लॉक केला आणि चौथ्यात ४१ गुण काढले. म्हणजे उंची नडली ती आक्रमणात, पास देताना. वाद मात्र आजही बचावावर घातला जातो. त्याच हंगामात या जोडीसह पोर्टलंडचा बचाव लीगमधल्या पहिल्या दहांत होता, हे सोयीस्करपणे विसरलं जातं. सेंटर रिंगजवळ थांबायचा, दोन उंच फॉरवर्ड फटी बुजवायचे आणि गार्डांचं निभावून जायचं.

२०१९ ला कॉन्फरन्सची (लीगच्या दोन गटांपैकी एकाची) अंतिम फेरी गाठली आणि त्याच उन्हाळ्यात ते दोन्ही फॉरवर्ड सोडले. घसरण तिथून सुरू झाली. मार्च २०२१ मध्ये सहा-पाचचा तरुण गार्ड टोरांटोला देऊन आणखी एक बुटका स्कोअरर आणला, तिघे एकत्र सुरुवात करू लागले आणि तो हंगाम तीस संघांत एकोणतिसाव्या बचावाने संपला. गार्ड तेच होते, मागची भिंत नव्हती. प्रशिक्षक गेला, फेब्रुवारी २०२२ मध्ये दुसरा गार्ड न्यू ऑर्लिन्सला गेला. त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात त्याच्या जागी सहा-तीनच्या तरुणाला चार वर्षांचे १० कोटी दिले गेले. २०२३ ला ड्राफ्टमध्ये तिसऱ्या क्रमांकावर आणखी एक पॉइंट गार्ड आला, १ जुलैला जुन्याने, म्हणजे लिलार्डने, ट्रेड (दुसऱ्या संघात पाठवणी) मागितला आणि सप्टेंबरअखेर तो मिलवॉकीला पोचला.

त्यानंतर मात्र दिशा बदलली. सहा-आठच्या आसपासचे, स्विच करून, म्हणजे आपसांत माणसं बदलून, कुणालाही अडवणारे विंग जमा झाले आणि २०२४-२५ च्या उत्तरार्धात बचाव डोळ्यांत भरण्याइतका सुधारला. २०२५ च्या उन्हाळ्यात १० कोटींचा तो तरुण बॉस्टनला देऊन त्याच्याहून नऊ वर्षांनी मोठा, सहा-चारचा गार्ड घेतला. २०१८ साली ४१ गुण काढून मालिका संपवणारा तो हाच. जुलैमध्ये मिलवॉकीने मोकळा केलेला जुना पॉइंट गार्ड, अकिलीसची (टाचेमागच्या स्नायूबंधाची) दुखापत घेऊन, तीन वर्षांच्या ४.२ कोटींवर परतला. पुढचा पूर्ण हंगाम तो खेळणार नाही हे माहीत असूनही सही झाली. आता हे दोघे एकाच बॅककोर्टमध्ये उभे राहिले, तर घेरल्यावर डोक्यावरून पास देणारा कोण आणि तो घेणारा कोण, यावर चर्चा नव्याने रंगली आहे.